तीन प्रती आणि एक साडू

"किती छान!"

दप्तरदारांची बायको एवढंच म्हणाली. पण ती हे दप्तरदारांकडे बघून म्हणाली नाही, साडूच्या फोनकडे बघून म्हणाली, आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

प्रसंग तसा साधा होता. रविवारची सकाळ, साडू आणि मेहुणी चहाला आलेले. साडूनं खिशातून फोन काढला, काचेवर बोट फिरवलं आणि गेल्या महिन्यात दोघं समुद्रावर जाऊन आली तो सगळा प्रवास टेबलावर मांडला. कुठली बस, कितवी सीट, कुठली खोली, कुठे जेवले, किती पावलं चालले. तिकिटं त्यातच, ओळखपत्रं त्यातच, दोघांचे रक्तगटसुद्धा त्यातच. "कागदाचा कपटा म्हणून नेला नाही, ताई," मेहुणी म्हणाली. आणि ताई ते दोन शब्द म्हणाली.

दप्तरदारांनी चहाचा कप खाली ठेवला. कारण या घरात, या दोन्ही घरांत, प्रवास म्हणजे दप्तरदारांची फाईल हे चोवीस वर्षं ठरलेलं होतं. दप्तरदार पाणीपुरवठा कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे प्रमुख. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. कचेरीपासून गल्लीपर्यंत सगळे त्यांना दप्तरदार म्हणत, आणि बायको रागावली की तीसुद्धा म्हणे. दोघी बहिणी आणि त्यांचे दोन नवरे दर वर्षी पाच दिवस कुठेतरी जात, आणि त्या पाच दिवसांची फाईल दप्तरदार दोन महिने आधी उघडत. तपकिरी रेक्झिनची, दोन पट्ट्यांची, सात कप्प्यांची. तिकिटं, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, मुक्कामाच्या जुन्या पावत्या, औषधांची यादी, चौघांच्या चष्म्यांचे नंबर. साडूचं चष्म्याचं दुकान होतं, तरी स्वतःच्या चष्म्याचा नंबर साडूला आठवत नसे आणि दप्तरदारांना पाठ असे.

या फाईलीबद्दल बायको चोवीस वर्षांत काय म्हणाली होती? निघताना दारात, चप्पल घालता घालता, "घेतली ना?" एवढंच. "छान" नाही. दप्तरदारांनी त्या दुपारी आडवं पडून आठवून बघितलं. बायकोनं शेजारणीच्या पडद्यांना छान म्हटलं होतं. बहिणीच्या चपलांना म्हटलं होतं. दंतवैद्याकडे बाहेर बसायला ठेवलेल्या खुर्चीला म्हटलं होतं. एकदा तर रस्त्यात कुणाच्या तरी कुत्र्याला म्हटलं होतं, आणि तो कुत्रा दप्तरदारांवर भुंकत होता. फाईलीला कधीही नाही.

आता साडूविषयी. हा माणूस प्रत्येक गोष्टीत पहिला. पहिला मोबाईल त्याचा, पहिली गाडी त्याची, गुडघेदुखीसुद्धा आधी त्याला झाली आणि दप्तरदारांना झाली तेव्हा घरात कुणाला तिचं कौतुक उरलं नव्हतं. बरं, माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण साडू हसतमुख, मदतीला तत्पर आणि दप्तरदारांना अत्यंत आदरानं "दादा" म्हणणारा. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे स्वतःच्याच नजरेतून उतरत उतरत करावा लागतो. दप्तरदारांनी तोही केला, आणि मनापासून केला.

"यंदाचं बुकिंग ह्यांनाच करू द्यायचं का, भावोजी?" मेहुणी निघताना म्हणाली. "तुम्हाला तेवढाच आराम."

आराम! दप्तरदार ताडकन उठले. "अजिबात नाही. यंदाही मीच करणार. आणि अ‍ॅपवर करणार."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाली. या "तुम्ही"नं उरलीसुरली कसर भरून काढली.

दुसऱ्या दिवसापासून दप्तरदार कामाला लागले. पुढच्या बारा दिवसांत अ‍ॅप शिकायचं, चौघांची कागदपत्रं त्यात भरायची, तळ्याकाठच्या विश्रामगृहात दोन खोल्या घ्यायच्या आणि मुक्कामी पोचल्यावर बायकोकडून "किती छान" वदवून घ्यायचं, असा बेत ठरला. बेत मनातच होता, पण गल्लीला तो संध्याकाळपर्यंत कळला. दप्तरदार फोन नाकाजवळ धरून जिना चढले हे पुरेसं होतं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मोजणीदार लगेच खाली आले. "अंगठा देऊ नका," ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "सगळं द्या, अंगठा देऊ नका. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. जिथे जिथे अंगठा उठला, तिथे तिथे बांध सरकला."

"अहो, पण यात जमीन कुठे आहे?"

"आज नाही. उद्या मागतील."

समोरच्या काकूंचं म्हणणं वेगळं होतं. अ‍ॅपला आपण कुठे आहोत ते कळतं, म्हणजे आपण घरात नाही हेही कळतं, म्हणजे चोराला कळायला किती वेळ? "त्यापेक्षा फोन घरी ठेवून जा," काकू म्हणाल्या. "म्हणजे तो सांगेल की तुम्ही घरीच आहात." दप्तरदार क्षणभर या युक्तीवर खरंच विचार करत राहिले, इतके ते त्या वेळी अगतिक झाले होते.

अ‍ॅपनं सुरुवातीला फार गोड बोलून घेतलं. स्वागत आहे, आनंद झाला, चला सुरू करूया. मग म्हणालं, ओळखपत्राचा फोटो काढा. काढला. आता चेहरा दाखवा. दाखवला. अ‍ॅपनं दोन्हींकडे नीट पाहून घेतलं आणि कळवलं, ही व्यक्ती ती व्यक्ती नाही.

दप्तरदारांनी ओळखपत्र हातात घेतलं. अठरा वर्षांपूर्वीचा फोटो. दाट केस, भरलेले गाल, जगाकडे बघायची एक बेफिकीर नजर. त्या माणसाला सगळीकडे प्रवेश होता. यांना स्वतःच्याच फोनमध्ये नव्हता. एरवी दप्तरदार साडूवर जळत, त्या संध्याकाळी पाच-दहा मिनिटं ते स्वतःवरच जळले. मग खिडकीजवळ उभे राहिले, गाल फुगवले, दिवा डोक्याच्या मागे येईल असा बेत केला आणि सातव्या प्रयत्नाला अ‍ॅपनं नाइलाजानं मान्य केलं की असेल कदाचित तीच व्यक्ती.

"छान," अ‍ॅप म्हणालं. "आता तुमच्या ओळखपत्राला जोडलेल्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे."

यंत्राचं का होईना, पण छान ऐकून दप्तरदारांना बरं वाटलं. ते ओटीपीची वाट बघत बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला फोन वाजला. साडू.

"दादा, नमस्कार! तुमचा ओटीपी आलाय हो माझ्याकडे. घ्या लिहून."

आता हे कसं झालं ते सांगायलाच हवं. अठरा वर्षांपूर्वी ओळखपत्राचा अर्ज भरताना त्यात मोबाईल नंबर सक्तीचा होता, आणि दोन्ही घरांत मिळून मोबाईल एकच होता. अर्थातच साडूचा. दप्तरदारांनी सोय म्हणून तो नंबर लिहिला आणि विसरून गेले. म्हणजे साडूला मागे टाकण्यासाठी उघडलेल्या या गुप्त मोहिमेच्या दाराची किल्ली साडूच्या खिशात होती, आणि दर खेपेला ती त्याच्याकडून मागून घ्यावी लागणार होती.

मागितली की साडू आनंदानं देई, हे आणखी वाईट. कधी तो दुकानात गिऱ्हाईकाचे डोळे तपासत असे. "चार, सात, शून्य, दोन..." तो फोनवर मोठ्यानं वाचे, आणि खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक घाबरून म्हणे, "मला तर समोर नुसती अक्षरंच दिसतायत हो!" साडू दोघांचीही समजूत काढी आणि वर विचारी, "अजून काही, दादा?"

तिसऱ्या दिवशी दप्तरदारांनी अर्धी रजा टाकली आणि नंबर बदलायला सेवा केंद्रात गेले. पाच खिडक्या होत्या, त्यातल्या चार खिडक्यांमध्ये पाचव्या खिडकीकडे जा असं लिहिलेलं होतं. पाचव्या खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नंबर बदलायचाय? बदलू की. जुन्या नंबरावर ओटीपी पाठवते, तो सांगा."

"बाई, जुना नंबर माझा नाही म्हणूनच तर बदलायचाय."

"तुमचा नाही?" बाईंचा चेहरा बदलला. "मग तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्याचा नंबर वापरताय?"

रांगेतली माणसं दप्तरदारांकडे बघू लागली. एकोणतीस वर्षं सरकारी कागदाला सुरकुती न पडू देणारा माणूस, आणि त्याला चारचौघांत लबाड ठरवलं जात होतं. त्यांनी मान खाली घालून साडूला फोन लावला. साडूनं ओटीपी दिला, वर त्या बाईंशीही फोनवर बोलला आणि त्यांना हसवलंही. दप्तरदारांशी बोलताना बाई एकदाही हसल्या नव्हत्या.

"झालं तुमचं काम," बाई म्हणाल्या. "एकवीस कामाच्या दिवसांनी नंबर बदलेल."

प्रवास नऊ दिवसांवर होता. दप्तरदार पायीच कचेरीत परत आले.

पण माणूस हट्टी. साडूच्या ओटीपीवर ओटीपी घेत त्यांनी चौघांची कागदपत्रं अ‍ॅपमध्ये भरली, बसची तिकिटं काढली, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यात मोठ्या कामाला हात घातला. तळ्याकाठचं विश्रामगृह, दोन खोल्या, पाच दिवस. नावं भरली, तारखा भरल्या, साडूकडून ओटीपी घेतला, बटण दाबलं. नोंद झाली. अ‍ॅपवर हिरवी खूण उमटली.

इथे दुसरा कुणी असता तर फोन खाली ठेवून जेवायला उठला असता. पण दप्तरदारांच्या कचेरीत एका प्रतीचा कागद म्हणजे कागदच नव्हे. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: मूळ प्रत, कार्यालय प्रत आणि संग्रह प्रत. तिन्ही झाल्याशिवाय दप्तरदारांनी आयुष्यात कशावर सही केली नव्हती. लग्नाच्या नोंदणीच्या दिवशीसुद्धा आधी तिसरी प्रत मागितली होती. त्यांनी अ‍ॅपमध्ये प्रत काढायचं बटण शोधलं. सापडलं नाही. तेव्हा त्यांनी तोच अर्ज पहिल्यापासून पुन्हा भरला, तीच नावं, त्याच तारखा, आणि 'विशेष सूचना' या चौकटीत लिहिलं, 'कार्यालय प्रत'. साडूकडून ओटीपी घेतला. मग तिसऱ्यांदा भरला आणि लिहिलं, 'संग्रह प्रत'. पुन्हा ओटीपी.

"दादा, सगळं ठीक ना?" तिसऱ्या वेळी साडूनं जरा चाचरत विचारलं.

"उत्तम," दप्तरदार म्हणाले. "व्यवस्थित चाललंय."

त्या माणसाच्या आवाजात काळजी ऐकून त्यांना बरं वाटलं. मागे पडायला लागला म्हणजे काळजी वाटणारच, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सोमवारी कचेरीत त्यांनी सहज म्हणून फोन संगणक विभागातल्या बाईंना दाखवला. सहज म्हणजे काय, कुणीतरी छान म्हणावं म्हणून.

बाईंनी बघितलं आणि विचारलं, "वऱ्हाड घेऊन चाललात की काय?"

"चौघं आहोत."

"मग सहा खोल्या कशाला? तीन वेळा बुक केलंय तुम्ही."

दप्तरदारांनी प्रतींचं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो, अ‍ॅपला प्रत कळत नाही. त्याला माणसं कळतात. दोन नोंदी रद्द करून टाका, आत्ताच्या आत्ता."

जागेवर येऊन दप्तरदारांनी फोन उघडला. रद्द करायला ओटीपी लागत नव्हता. अ‍ॅपला मांडायचं असेल तर शंभर प्रश्न, मोडायचं असेल तर एकही नाही. आता कुठल्या दोन रद्द करायच्या हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडला असता तर पहिली ठेवून पुढच्या दोन काढल्या असत्या. पण दप्तरदारांना प्रश्नच पडला नाही. नियम स्पष्ट होता: काम संपलं की मूळ आणि कार्यालय प्रत नष्ट करायची, संग्रह प्रत कायम जतन करायची. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी पहिली नोंद रद्द केली. दुसरीवर बोट ठेवलं, तर अ‍ॅप म्हणालं, 'ही नोंद आधीच रद्द झालेली आहे.'

दप्तरदार चकित झाले. मनातलं ओळखतं की हे! साडू उगाच नाही भाळला. तिसरी नोंद उघडून बघायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही; संग्रहात गेलेल्या कागदाला उगाच हात लावत नाहीत. त्यांनी फोन खिशात टाकला आणि त्या दिवशी घरी जाताना चक्क शीळ घातली.

निघायच्या आदल्या दिवशी दप्तरदारांनी फाईल कपाटावर ठेवली. मुद्दाम बायकोच्या देखत ठेवली. "यंदा हिची गरज नाही," ते म्हणाले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला कमी बोलायची सवय होती. "बरं," ती म्हणाली.

प्रवास मात्र खरोखर झकास झाला. बस वेळेवर, सीटा बरोबर. दर तासाला दप्तरदार फोन काढून आणखी किती अंतर राहिलं ते जाहीर करत आणि चोरून बायकोकडे बघत. ती खिडकीबाहेर बघत असे किंवा बहिणीशी काहीतरी कुजबुजून हसत असे. साडूला मात्र प्रत्येक गोष्टीचं कौतुक. "वा दादा! मला नाही हो हे जमलं अजून." दप्तरदारांना त्याच्या कौतुकाचा काहीही उपयोग नव्हता.

दुपारी तीनला चौघं विश्रामगृहाच्या पायऱ्या चढले. मागे तळं चमकत होतं. दप्तरदारांनी छाती पुढे काढली, काउंटरवरच्या व्यवस्थापक बाईंसमोर फोन धरला आणि म्हणाले, "दोन खोल्या. संग्रह प्रत आहे, तरी चालेल ना?"

बाईंनी त्यांच्या संगणकात पाहिलं. मग फोनमध्ये पाहिलं. "ही रद्द आहे."

"ही नाही. पहिल्या दोन रद्द आहेत. ही तिसरी."

"तिसरीही रद्द आहे. तिन्ही रद्द आहेत. आणि शनिवार-रविवार धरून सगळं भरलंय."

दप्तरदार वळले, तर साडू त्यांच्यापेक्षा पांढरा पडला होता.

"दादा," साडू म्हणाला, "दुसरी आणि तिसरी मी रद्द केली."

"तुम्ही?"

"तुम्हाला तीन वेळा ओटीपी दिला ना, तेव्हाच मला शंका आली. मग मेसेजमध्ये तीन नोंदी दिसल्या. म्हटलं, चुकून झालं असेल, सांगितलं तर दादांना उगाच वाईट वाटेल. खाली रद्द करायची सोय होती. सोमवारी जेवायच्या सुट्टीत गुपचूप दोन काढून टाकल्या. पहिली ठेवली होती हो मी!"

"पहिली मी काढली," दप्तरदार म्हणाले.

"चार वाजता आणखी एक मेसेज आला रद्द झाल्याचा. मला वाटलं, माझाच उशिरा आला."

याच वेळी दप्तरदारांच्या फोनला उत्साह आला. 'आपण मुक्कामी पोचला आहात,' तो खणखणीत बाईच्या आवाजात म्हणाला. 'प्रवास कसा वाटला? कृपया तारे द्या.'

दप्तरदारांना वाटलं, हे तळं एवढं जवळ आहे ते बरंच आहे. सगळं गेलं. साडूला मागे टाकायला निघाले होते, आणि साडूच्या चांगुलपणानंच उताणे पडले होते. आता परतीची बस, चोवीस वर्षांत पहिली फसलेली सहल, आणि पुढच्या वर्षीपासून सगळं साडूकडे. आणि बायको जन्मभर म्हणणार, किती छान.

"झालं तुमचं दोघांचं?" बायको म्हणाली. ती पुढे झाली आणि काउंटरवर टेकली. "नमस्कार. मी मंगळवारी फोन केला होता. दोन बहिणी, दोन खोल्या."

व्यवस्थापक बाई एकदम उजळल्या. "हो हो, शिक्षिका बाई! तुमच्या खोल्या मी वहीत लिहून ठेवल्यात." आणि त्यांनी खरोखरच टेबलाखालून एक जाड वही काढली.

दोन्ही साडू तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"छोटीचा फोन आला सोमवारी," बायको म्हणाली. "म्हणाली, ह्यांनी दोन रद्द केल्या, भावोजींना सांगू नकोस. संध्याकाळी तुम्ही शीळ घालत आलात आणि जेवताना म्हणालात, दोन रद्द करून टाकल्या. मी शाळेत गणित शिकवते. तीनातून चार गेले की मुक्कामाला काय उरतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दोघांनी तरी एकमेकांना कुठे सांगितलं?" मेहुणी मध्येच म्हणाली आणि दोघी बहिणी हसायला लागल्या. बसमध्ये खिडकीबाहेर बघत त्या दोघी कशाला हसत होत्या, ते आता कळलं.

"खोल्या दोनच मिळाल्या," बायको पुढे म्हणाली. "एक तळ्याच्या बाजूची, सज्जाची. ती आम्हा दोघींना. इतक्या वर्षांत एकदाही एका खोलीत राहून गप्पा मारल्या नाहीत आम्ही. दुसरी मागच्या बाजूची, ती तुम्हा दोघांना. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. तुम्हाला कचेरीसारखंच वाटेल."

सामान उचलून बोळातून जाताना दप्तरदार बायकोच्या मागे मागे गेले. साडू आणि मेहुणी पुढे होते. "नंबर कुठून मिळाला तुला इथला?" त्यांनी हळूच विचारलं. "अ‍ॅपवर तर नंबर देतच नाहीत."

बायकोनं खांद्यावरची पिशवी थोडी उघडली. आत तपकिरी रेक्झिन दिसलं. "आपण आधी एकदा आलो होतो इथे. बारा वर्षं झाली. तुमच्या सहाव्या कप्प्यात पावती होती. तिच्यावर फोन नंबर."

"फाईल आणलीस तू?"

"न आणता कशी येईन?"

दप्तरदार तिथेच थांबले. चोवीस वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते त्यांच्या तोंडून अखेर बाहेर पडलं, आणि पडलं तेही लहान मुलानं रुसून विचारावं तसं. "मग तू हिला कधी छान का म्हणाली नाहीस? त्याच्या फोनला म्हणालीस. त्या कुत्र्यालासुद्धा म्हणालीस."

"कुठला कुत्रा?" बायको गोंधळली. मग तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि तिला काय कळायचं ते कळलं. "अहो, छान हे लोकांच्या वस्तूंना म्हणायचं असतं. त्यांना बरं वाटतं. आपल्या घराच्या दाराला मी कधी छान म्हटलंय? पण ते लागलंय का हे बघितल्याशिवाय मला झोप येते का?"

एवढं बोलून ती बहिणीच्या मागे सज्जाच्या खोलीत गेली. दप्तरदार बोळात उभे राहिले. त्यांना वाटलं, आता ही गोष्ट कुणाला तरी सांगावी, पण सांगण्यासारखा जवळपास एकच माणूस होता.

मागच्या खोलीत दोन खाटा होत्या, एक खिडकीजवळ, एक दाराजवळ. साडू अजून बसला नव्हता. "दादा, खिडकीजवळची तुम्ही घ्या," तो म्हणाला. मग बराच वेळ बॅगेत हात घालून उभा राहिला. "एक दाखवू का? हसणार नाही ना?"

त्यानं बॅगेच्या तळातून काहीतरी काढून खाटेवर ठेवलं. ती फाईल होती. निळी, नवी कोरी, नऊ कप्प्यांची. प्रत्येक कप्प्याला वेगळ्या रंगाची पट्टी, पट्टीवर सुबक अक्षरात नाव. तिकिटं. ओळखपत्रं. औषधं.

"तुम्ही तर अ‍ॅप वापरता," दप्तरदार म्हणाले.

"ते लोकांना दाखवायला हो." साडू खाटेच्या कडेवर बसला. "आमच्या घरी चोवीस वर्षं एकच ऐकतोय मी. भावोजींची फाईल बघा, भावोजींची फाईल बघा. चष्मा हरवला की भावोजींची फाईल. पावती सापडली नाही की भावोजींची फाईल. तीनदा फाईल करून बघितली, नाही जमली. म्हणून मग अ‍ॅप घेतलं. ही चौथी. छोटीला अजून दाखवली नाही. म्हटलं, आधी तुम्ही बघा. खरं सांगा, कशी झालीय?"

दप्तरदारांनी फाईल हातात घेतली. नऊ कप्पे. आपल्याला नऊ कधी सुचले नाहीत. आणि रंगीत पट्ट्या, त्या तर फारच उपयोगाच्या होत्या; अंधारातसुद्धा औषधं पटकन सापडली असती. छातीत ती ओळखीची कळ उठली. भिंतीपलीकडून दोघी बहिणींचं हसणं ऐकू येत होतं. दप्तरदारांनी साडूकडे बघितलं. साडू त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि तसं बघणं दप्तरदारांच्या चांगलं ओळखीचं होतं. ते चोवीस वर्षं तसंच बघत आले होते, दारात, बायको चप्पल घालत असताना.

त्यांनी फाईल अलगद मिटली.

"किती छान!" ते म्हणाले.

साडूचा चेहरा असा काही उजळला की दप्तरदारांना दुसरीकडे बघावं लागलं. "खरंच, दादा?"

"खरंच. फारच छान आहे," दप्तरदार म्हणाले, आणि खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन आडवे झाले.